बोर्ली पंचतनहून फणसाड अभयारण्य आणि कुडा लेणी : काय पाहाल, कधी जाल आणि पाणी का महत्त्वाचं?

अभयारण्य आणि प्राचीन वारसा एकाच सहलीत पाहायचा म्हटलं की बहुतेकांना राजस्थानचं वाळवंट आठवतं. रायगडच्या किनाऱ्यावरही अशी एक जोडी आहे. राजपुरीच्या खाडीच्या एका अंगाला फणसाडचं रान आहे आणि त्याच खाडीच्या आतल्या टोकाला कुड्याची बौद्ध लेणी आहेत. खाडीच्या तोंडाशी जंजिरा उभा आहे. श्रीवर्धन तालुक्यातलं बोर्ली पंचतन हे गाव मुक्कामाला धरलं, तर दोन-तीन दिवसांत हा सगळा पट्टा नीट पाहता येतो.

जैसलमेरला वर्षाला साधारण २०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि रायगडच्या किनाऱ्यावर ३,००० मिलिमीटरच्या घरात. तरीही एप्रिल-मे महिन्यात फणसाडमधलं प्राण्यांचं जगणं मोजक्या पाणवठ्यांवर अवलंबून असतं. या परिसरात कुठला प्राणी कुठे दिसेल, लेणी कुठे कोरली गेली आणि किल्ला कसा टिकला, या तिन्हींमागे गोड्या पाण्याचा हिशेब आहे. तो कळला की सहलीचं नियोजनही सोपं होतं.

बोर्ली पंचतन नेमकं कुठे आहे?

बोर्ली पंचतन हे श्रीवर्धन तालुक्यातलं बाजारपेठेचं गाव. दिवेआगरचा समुद्रकिनारा इथून अगदी जवळ आहे. उत्तरेला गेलं की दिघी बंदर लागतं, पूर्वेला म्हसळा आणि दक्षिणेला श्रीवर्धन, हरिहरेश्वर. कोकण रेल्वेने येणाऱ्यांना माणगाव स्थानक सोयीचं. तिथून म्हसळामार्गे रस्त्याने बोर्लीला पोहोचता येतं.

नकाशावर शोधताना एक घोळ हमखास होतो. रायगड जिल्ह्यात दोन बोर्ली आहेत. एक ही श्रीवर्धन तालुक्यातली बोर्ली पंचतन आणि दुसरी मुरुड तालुक्यातली बोर्ली मांडला. दोन्हींच्या मध्ये राजपुरीची खाडी आहे. फणसाड मुरुडच्या बाजूला असल्यामुळे अनेकांचा नकाशा त्यांना दुसऱ्याच बोर्लीत नेऊन सोडतो. वेळास या नावाचंही तसंच. दिवेआगरजवळचं वेळास वेगळं आणि कासव महोत्सवामुळे प्रसिद्ध झालेलं रत्नागिरी जिल्ह्यातलं वेळास वेगळं. बुकिंग करण्यापूर्वी तालुक्याचं नाव पाहून घेतलेलं बरं.

१९४८ पर्यंत हा सगळा मुलूख जंजिरा संस्थानात होता. मुरुड, म्हसळा आणि श्रीवर्धन हे तिन्ही भाग सिद्दी नवाबांच्या अमलाखाली होते. त्यामुळे खाडीच्या दोन्ही तीरांचा इतिहास आज दोन तालुक्यांत वाटला गेला असला, तरी मुळात एकच आहे.

एवढा पाऊस पडूनही रान कोरडं का पडतं?

कोकणातला जवळपास सगळा पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. पुढचे आठ महिने आभाळातून फारसं काही मिळत नाही. पडलेलं पाणीही थांबत नाही, कारण डोंगर आणि समुद्र यांत अंतर कमी आहे. ओढे आखूड आणि उताराचे आहेत. डोंगरावर पडलेलं पाणी काही तासांत खाडीला मिळतं.

दुसरं कारण जमिनीखाली आहे. इथला मूळ खडक काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट. त्यात पाणी साठतं ते फक्त भेगांत आणि सांध्यांत. माथ्यांवर अनेक ठिकाणी जांभ्याचे सडे आहेत. त्यांच्यावर मातीचा थर पातळ असतो. पावसाळ्यात हे सडे हिरवेगार होतात आणि उन्हाळ्यात तेच तव्यासारखे तापतात. किनाऱ्यालगत विहिरींचा जास्त उपसा झाला, तर त्यांत समुद्राचं खारं पाणी शिरण्याचा धोका असतो.

म्हणून मे महिन्यात कोकणातल्या कित्येक वाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते आणि त्याच वेळी जंगलातले प्राणी दरीतल्या एखाद्या डबक्याकडे उतरतात.

फणसाड : नवाबाचं शिकारीचं रान

मुरुड आणि रोहा तालुक्यांत पसरलेलं फणसाड जंजिऱ्याच्या नवाबांचं राखीव शिकारीचं रान होतं. शिकार फक्त संस्थानिकांनी करायची, असा तो काळ होता. त्यामुळे इतरांची कुऱ्हाड आणि बंदूक या जंगलापासून बऱ्याच प्रमाणात लांब राहिली. मुंबईपासून इतक्या जवळ, समुद्राला लागून एवढं दाट जंगल शिल्लक राहण्यामागे हे एक मोठं कारण आहे. शिकारीसाठी राखलेलं रान पुढे प्राण्यांच्या उपयोगी पडल्याची उदाहरणं देशात इतरत्रही आहेत. राजस्थानातलं भरतपूर हे त्यातलं सगळ्यांना माहीत असलेलं.

१९८६ साली महाराष्ट्र शासनाने फणसाडला वन्यजीव अभयारण्याचा दर्जा दिला. क्षेत्रफळ ५० चौरस किलोमीटरपेक्षा थोडं जास्त. ताडोबा किंवा मेळघाटच्या मानाने हे फारच लहान आहे. पण सदाहरित, निमसदाहरित, पानझडी आणि किनारी अशा वेगवेगळ्या प्रकारच्या वनस्पती इथे थोडक्या जागेत भेटतात. ऐन, किंजळ, जांभूळ, अंजनी, सावर ही झाडं सहज ओळखता येतात. गारंबीची महावेल हे इथलं वैशिष्ट्य. झाडांवरून झाडांवर चढत जाणारी ही वेल दोरखंडासारखी जाड होते आणि तिच्या शेंगा मीटरभर लांब असतात.

जंगलातल्या बारमाही पाण्याच्या जागांना स्थानिक लोक 'गाण' म्हणतात. फणसाड गाण, चिखल गाण ही त्यांतली काही नावं. अभयारण्याचं नावही अशाच एका गाणीशी जोडलेलं आहे. झाडांच्या दाट सावलीत, दरीच्या तळाशी असल्यामुळे या जागांमधलं पाणी उन्हाळ्यातही टिकतं. झाडं गेली तर सावली जाते आणि सावलीबरोबर पाणीही. फणसाडमध्ये जंगल राखणं आणि पाणी राखणं ही वेगळी कामं नाहीत. मुरुडला पाणी देणारा गारंबीचा जुना बंधाराही नवाबाच्या काळातला आहे. म्हणजे या डोंगरातल्या पाण्यावर जनावरांइतकाच खालच्या गावाचाही हक्क पूर्वीपासून चालत आला आहे.

फणसाडमध्ये काय दिसतं?

इथे वाघ नाहीत. बिबट्या आहे, पण तो मुख्यतः रात्री फिरतो आणि पर्यटकांना सहसा दिसत नाही. दिसतात त्या त्याच्या खुणा, म्हणजे पायवाटेवरचे पंजे, विष्ठा, झाडाच्या बुंध्यावरचे ओरखडे. सांबर, भेकर, रानडुक्कर, तरस, साळिंदर, पिसोरी, उदमांजर, वानर यांची इथे नोंद आहे. पिसोरी म्हणजे सशाएवढं, अंगावर पांढरे ठिपके असलेलं इवलंसं हरीण. ते फार लाजाळू असतं.

सर्वांत जास्त शोध असतो तो शेकरूचा. शेकरू हा महाराष्ट्राचा राज्यप्राणी. ही आपल्या अंगणातल्या खारीपेक्षा कितीतरी मोठी खार आहे. शेपटीसकट तिची लांबी मीटरभर असते आणि वजन दोन किलोच्या आसपास भरतं. पाठ तांबूस तपकिरी, पोट फिकट, शेपूट झुपकेदार. शेकरू जमिनीवर क्वचितच उतरतो. एका झाडावरून दुसऱ्या झाडावर उडी मारत तो फिरतो, त्यामुळे त्याला फांद्यांना फांद्या भिडलेलं सलग जंगल लागतं. मध्ये रुंद रस्ता निघाला किंवा मोठी झाडं पडली, की त्याचा मार्गच तुटतो. शेंड्याकडे काटक्या-पानांची मोठी गोल घरटी दिसली, तर तिथे शेकरूचा वावर आहे असं समजावं. एकच शेकरू अशी अनेक घरटी बांधतो, म्हणून घरटी मोजून शेकरू मोजता येत नाहीत.

पक्ष्यांच्या शंभराहून जास्त जाती इथे आढळतात. धनेश, सर्पगरुड, स्वर्गीय नर्तक, हरियल हे त्यांतले काही. पावसाळ्याच्या शेवटी फुलपाखरांची गर्दी असते. नाग, घोणस, मण्यार, फुरसं आणि झाडावर राहणारा हिरवा चापडा हे सर्व विषारी साप या भागात आहेत. म्हणून पायात बूट हवेत आणि फांदीला हात लावण्यापूर्वी नीट पाहायला हवं.

गिधाडं कमी का झाली?

फणसाड आणि शेजारच्या म्हसळा तालुक्यातलं चिरगाव ही दोन्ही ठिकाणं पक्षीअभ्यासकांना गिधाडांमुळे माहीत आहेत. इथे पांढऱ्या पुठ्ठ्याची आणि लांब चोचीची गिधाडं आढळतात. पांढऱ्या पुठ्ठ्याचं गिधाड उंच झाडांवर घरटं करतं, लांब चोचीचं मुख्यतः कड्यांवर.

१९९० च्या दशकात भारतातली गिधाडं झपाट्याने नाहीशी होऊ लागली. पांढऱ्या पुठ्ठ्याच्या गिधाडांची संख्या दीड दशकात ९९ टक्क्यांहून जास्त घटली. कारण बरेच दिवस कळत नव्हतं. डायक्लोफेनॅक हे गुरांना देण्यात येणारं वेदनाशामक औषध त्याला जबाबदार असल्याचं २००४ च्या सुमारास शास्त्रज्ञांनी सिद्ध केलं. हे औषध दिलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी ते खाल्लं, की गिधाडांची मूत्रपिंडं निकामी होतात. २००६ मध्ये भारताने जनावरांसाठी या औषधावर बंदी घातली. २०१५ मध्ये माणसांसाठीच्या इंजेक्शनची कुपी ३ मिलिलिटरपुरती मर्यादित केली, म्हणजे ती गुरांसाठी वापरणं परवडू नये. २०२३ मध्ये ॲसिक्लोफेनॅक आणि किटोप्रोफेन यांच्या जनावरांसाठीच्या वापरावरही बंदी आली. मेलॉक्सिकॅम हा गिधाडांना न बाधणारा पर्याय उपलब्ध आहे.

बंदी आली तरी संख्या लवकर वाढत नाही, कारण गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडं घालते. रायगडमध्ये वनखातं, स्थानिक पक्षीमित्र आणि ग्रामस्थ यांनी मेलेली जनावरं ठरावीक उघड्या जागी आणून टाकण्याचा प्रयोग केला आहे. त्याला 'गिधाडांचं उपाहारगृह' असं नाव पडलं. जनावर औषधमुक्त आहे ना, याची खात्री त्यात महत्त्वाची असते. पूर्वी मेलेलं गुरं गावाबाहेर टाकण्याची पद्धत होती आणि गिधाडं ते काही वेळात संपवत. आता बरीच गुरं पुरली जातात. गोठ्यांतली गुरंही कमी झाली आहेत. त्यामुळे औषधाचा धोका टळला तरी अन्नाचा प्रश्न उरतोच.

कुडा लेणी : खाडीकाठच्या दानशूरांची यादी

तळा तालुक्यात, मांदाडजवळ कुडे गावाच्या डोंगरात २६ बौद्ध लेणी आहेत. समोर राजपुरीच्या खाडीचा आतला फाटा दिसतो. इसवी सनाच्या पहिल्या शतकापासून पुढे इथे कोरीवकाम झालं आणि पाचव्या-सहाव्या शतकात काही मूर्तींची भर पडली. कार्ल्यासारखं कमानदार छत इथे नाही. इथली चैत्यगृहं सपाट छताची आणि साधी आहेत. सहाव्या क्रमांकाचं लेणं मात्र थांबून पाहण्यासारखं आहे. दर्शनी भागात हत्ती आहेत आणि आत दंपतींची शिल्पं आहेत.

कुड्याचं खरं धन म्हणजे तिथले ब्राह्मी लिपीतले आणि प्राकृत भाषेतले शिलालेख. लेणी कोणी कोरवली हे त्यांत नोंदलेलं आहे. इथे राज्य करणाऱ्या महाभोज घराण्यातल्या मांदव खंदपालिताचा लेखक शिवभूती आणि त्याची बायको हे एका लेण्याचे दाते. सोमदेव नावाच्या वैद्याने मुलाबाळांच्या नावांसकट दान नोंदवलं आहे. एक माळी आहे, कऱ्हाडचा एक लोखंडाचा व्यापारी आहे, एक सार्थवाह आहे आणि भयिला नावाची एक ब्राह्मण स्त्रीही आहे. राजांपेक्षा कामधंदा करणारी माणसंच इथे जास्त भेटतात. जवळपास दोन हजार वर्षांपूर्वी या खाडीकाठी किती प्रकारचे लोक येत-जात होते, ते या यादीवरून कळतं.

त्यामागे व्यापार होता. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथात पश्चिम किनाऱ्यावरच्या बंदरांची नावं आहेत. त्यातलं 'मंदगोरा' म्हणजे हेच मांदाड असावं, असं काही अभ्यासक मानतात.

डोंगरात भिक्षू वर्षभर राहायचे तर पाणी हवंच. म्हणून लेण्यांजवळ कातळात टाकी खोदलेली असतात. पावसाचं पाणी उतारावरून त्यांत उतरतं आणि पुढचे महिने पुरतं. मुंबईजवळच्या कान्हेरीच्या लेखांत अशा टाक्यांना 'पोढी' म्हटलं आहे आणि ती खोदून देणं हे लेणं कोरून देण्याइतकंच मानाचं दान होतं. कुड्याला गेल्यावर मूर्तींइतकाच वेळ या टाक्यांना द्यायला हरकत नाही.

जंजिरा : खाऱ्या पाण्याच्या मध्ये गोडं पाणी

'जंजिरा' हा शब्द बेट या अर्थाच्या 'जझिरा' या अरबी शब्दावरून आला. चारही बाजूंनी समुद्र असलेल्या या किल्ल्यात गोड्या पाण्याचे दोन मोठे तलाव आहेत. तटबंदी आणि तोफांबद्दल नेहमी बोललं जातं, पण आत पिण्याचं पाणी नसतं तर मराठ्यांच्या आणि इतरांच्या वेढ्यांपुढे हा किल्ला टिकणं अवघड होतं. राजपुरीहून शिडाच्या होड्या किल्ल्यावर नेतात आणि पावसाळ्यात ही वाहतूक बंद असते. राजपुरीजवळच खोकरी इथे सिद्दी सरदारांच्या दगडी कबरी आहेत. त्यांच्यावरचं कोरीवकाम सुंदर आहे आणि गर्दी जवळपास नसते.

दिवेआगर : ताम्रपट आणि कासवं

बोर्लीच्या शेजारचं दिवेआगर मराठी भाषेच्या इतिहासात महत्त्वाचं आहे. इथे सापडलेला शके ९८२ म्हणजे इसवी सन १०६० चा ताम्रपट हा मराठीतल्या सर्वांत जुन्या लेखांपैकी एक. १९९७ मध्ये इथल्या सुपारीच्या वाडीत जमिनीखाली सोन्याचा गणेश मुखवटा सापडला. २०१२ मध्ये दरोडा पडला, दोन पहारेकरी मारले गेले आणि मुखवटा चोरीला गेला. २०२१ मध्ये नव्याने घडवलेल्या मुखवट्याची प्रतिष्ठापना झाली.

थंडीत आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवांच्या माद्या रात्री अंडी घालायला येतात. दिवेआगर, हरिहरेश्वर परिसरात घरट्यांचं संरक्षण केलं जातं. साधारण दीड-दोन महिन्यांनी पिल्लं बाहेर पडून समुद्राकडे जातात. किनाऱ्यावर गाडी चालवली तर वाळूखालची घरटी चिरडतात. रात्रीचे प्रखर दिवे पिल्लांची दिशा चुकवतात.

कधी आणि कसं जावं?

ऑक्टोबर ते फेब्रुवारी : हवा चांगली, पक्षी भरपूर, लेणी आणि किल्ला आरामात पाहता येतात. पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी हाच काळ योग्य.

मार्च ते मे : ऊन कडक असतं, पण पाणवठ्यांवर प्राणी दिसण्याची शक्यता याच काळात सर्वांत जास्त. बुद्धपौर्णिमेच्या रात्री वनखातं मचाणांवरून प्राण्यांची गणना करतं. त्यात आधी नाव नोंदवून सहभागी होता येतं.

जून ते सप्टेंबर : निसर्ग हिरवागार, पण जंगलातल्या वाटा निसरड्या आणि होड्या बंद. या काळात लेणी पाहताना कातळावरच्या शेवाळापासून जपावं.

बोर्ली पंचतनहून दिघीला जावं आणि तिथून फेरीबोटीत गाडी चढवून आगरदांड्याला उतरावं. या फेरीला स्थानिक लोक 'जंगल जेटी' म्हणतात. नावात जंगल असलं तरी तिचा फणसाडशी संबंध नाही. ती चुकली तर खाडीला वळसा घालून लांबचा रस्ता पकडावा लागतो, म्हणून शेवटच्या फेरीची वेळ सकाळीच विचारून ठेवावी. आगरदांड्याहून एक रस्ता मुरुडकडे, म्हणजे जंजिरा आणि फणसाडकडे जातो. दुसरा मांदाडकडे, म्हणजे कुड्याकडे. पहिला दिवस कुडा आणि जंजिऱ्यासाठी ठेवून दुसऱ्या दिवशी पहाटे फणसाड गाठणं सोयीचं पडतं. अभयारण्यात वनखात्याची परवानगी आणि प्रवेशशुल्क लागतं. सुपेगावच्या बाजूला प्रवेशद्वार आणि राहण्याची सोय आहे. स्थानिक वाटाड्या घ्यावा, कारण शेकरूचं घरटं आणि माकडाने मोडलेली फांदी यांतला फरक त्यालाच चटकन कळतो.

पाणवठ्यावर काय टाळावं?

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर धडकलं. श्रीवर्धन-दिवेआगरच्या नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या आणि फणसाडमधलीही असंख्य झाडं पडली. पोफळ पुन्हा उत्पन्न द्यायला अनेक वर्षं घेते, आणि गिधाडाच्या घरट्यासाठी लागणारं उंच झाड तयार व्हायला तर पिढी जाते. एवढा मार सोसलेल्या लहानशा जंगलात पर्यटकांच्या बारीकसारीक चुकाही महागात पडतात.

सर्वांत मोठी चूक म्हणजे पाणवठ्यावर ठाण मांडणं. दिवसभर तहान दाबून आलेलं भेकर माणसाचा आवाज आला की पाणी न पिताच परत फिरतं. मे महिन्यात जवळपास दुसरं पाणी नसतं. म्हणून गाणीपासून लांब बसावं, बोलू नये, स्पीकर तर गाडीतही लावू नये. गाणीत उतरणं, हातपाय किंवा भांडी धुणं टाळावं. प्लास्टिक परत आणावं. घरट्याचं किंवा दुर्मीळ प्राण्याचं छायाचित्र समाजमाध्यमांवर टाकताना नेमकं ठिकाण लिहू नये. त्या एका पोस्टने पुढच्या रविवारी तिथे पन्नास माणसं येऊ शकतात. लेण्यांमधल्या टाक्यांत नाणी किंवा बाटल्या टाकू नयेत आणि भिंतींवर नावं लिहू नयेत. तिथे कोरलेली नावं टाकी आणि लेणी खोदून देणाऱ्यांची आहेत.